अटकेच्या कागदावरची माझी सही

आमच्या घराण्यात कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढलेलं नव्हतं आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान! कित्येक पिढ्या बंगळुरात काढलेली आम्ही मराठी माणसं. बाहेर कन्नड, घरात मराठी आणि कुणाशी वाकडं नाही. अख्ख्या बसवनगुडीत आमच्याइतकी सोशिक माणसं शोधून सापडायची नाहीत. त्या सोशिकपणाची आता मला चीड येते.

आई गेल्यापासून धाकट्या भावाला मीच वाढवलं. तो शहराबाहेरच्या एका कारखान्यात कामाला होता. कामाचे तास वाढवले म्हणून कामगार गेटसमोर धरणं धरून बसले, त्यांच्यात हाही बसला. मंगळवारी सकाळी सात वाजता बसमधून उतरताच पोलिसांनी त्याला जीपमध्ये घातलं. त्याच्या सोबत्याचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. जमेल तसा डबा भरला आणि निघाले.

ठाण्यातले हवालदार फार गोड बोलले. "स्वल्प विचारपूस आहे, अक्का. संध्याकाळी सोडतो."

"सरी, अण्णा," मी म्हटलं. दिवसभर बाकावर बसून हे ‘बरं, अण्णा’ दहादा तरी म्हटलं असेल. का आणलं, कुठल्या गुन्ह्यात आणलं, वकील भेटू शकेल का, यातला एकही प्रश्न मी विचारला नाही. उलट डबा द्यायला आत सोडलं याचेच मला उपकार वाटले. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. तो डाव्या हाताने जेवायला लागला, उजवा हात तसाच मांडीवर पडलेला. मला सगळं कळलं आणि मी घाबरले. तिथे कुणाला मराठी समजणार नव्हतं, म्हणून हळूच म्हटलं, "हे बघ, कुणीही विचारलं तरी तक्रार नाही म्हण. मी गोडीत सगळं मिटवते." त्याने मान हलवली. लहानपणापासून तो माझं ऐकतच आलाय.

संध्याकाळी त्याला सोडलं नाही. बुधवारी सकाळी पुन्हा गेले, तर हवालदारांनी एक कागद पुढे केला. अटक आज सकाळी दहा वाजता, असं त्यात स्वच्छ कन्नडमध्ये लिहिलं होतं. माझी शाळा कन्नड, त्यामुळे वाचता आलं नाही ही सबब मला नाही. "पण काल..." एवढं मी म्हटलं. "सही करा अक्का, लगेच कोर्टात नेतो. आजच घरी येईल." मी सही केली. वर थँक्यूही म्हटलं.

कोर्टात फुकट कायदेशीर मदतीची एक खोली असते हे मला तिथे रांगेतल्या एका बाईकडून कळलं. खोलीतल्या वकीलबाईंनी कागद वाचून विचारलं, "त्याला आणलं कधी?"

"निन्ने," मी कन्नडमध्ये म्हटलं. "काल. सकाळी सातला."

त्यांनी कागद खाली ठेवला. पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांसमोर उभं करावंच लागतं, त्या सांगू लागल्या. आणि अटकेची वेळ मागाहून कुणाला फिरवता येऊ नये, म्हणूनच तर त्या कागदावर घरच्या माणसाची किंवा साक्षीदाराची सही घेतात. "ती सही त्याच्या रक्षणासाठी होती," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याचा एक अख्खा दिवस, ज्या दिवशी त्याचा हात मोडला तो दिवस, मी माझ्या हाताने पुसून टाकला होता.

"आता काय करायचं?"

"मी बोलेनच. पण तुमच्या सहीपुढे माझं बोलणं लंगडं पडेल. न्यायाधीश त्याला विचारतील, तेव्हा त्यानेच सांगायला हवं."

त्याला गाठायला आम्ही धावलो, तोवर पुकारा झाला होता. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, कधी पकडलं, कुणी मारलं का, काही तक्रार आहे का? भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"तक्रार नाही," तो म्हणाला.

मी ताडकन उठले. जन्मभर चारचौघांत कन्नड बोलणारी मी, पण तोंडून मराठीच फुटलं. "खोटं आहे! याला काल सकाळी सातलाच नेलंय! मी खोट्या कागदावर सही केली! हात दाखव रे, हात दाखव त्यांना!"

शिपायाने मला दरडावून खाली बसवलं. वकीलबाई बोलायला उभ्या राहिल्या, पण न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं आणि भावाकडे वळून विचारलं, "त्या काय म्हणतायत?"

मला बसवल्यावर त्या दालनात माझं मराठी समजावून सांगू शकणारा तोच एक उरला होता. हवालदार त्याला खेटून उभे होते. तो त्यांच्यापासून अर्धं पाऊल बाजूला सरकला.

"अक्का म्हणते," तो कन्नडमध्ये म्हणाला, "निन्ने."

"त्या काय म्हणतायत ते कळलं. तू काय म्हणतोस?"

"निन्ने," तो म्हणाला. "सकाळी सात वाजता." मग तो उजव्या बाहीचं बटण काढायला लागला. डाव्या हाताने ते त्याला निघेना. मी बाकावर बसून बघत होते. मदतीला कुणी पुढे झालं नाही. न्यायाधीश पेन खाली ठेवून थांबले होते.