बिनघंटीची बस

आमचे बाबा तीस-पस्तीस वर्षं शहराच्या लाल बसवर कंडक्टर होते. ते निवृत्त झाले आणि लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीची बस झाली. आई ओट्याशी उभी असली की ‘जरा पुढे सरका’, शेजारीण उंबऱ्यावर गप्पा मारत उभी राहिली की ‘दार अडवू नका’. महिनाभरात आई कावली. मला म्हणाली, “ह्यांका खंय तरी सोडून ये गो.”

म्हणून सकाळी मी शिवाजी पार्कच्या ऑफिसला निघाले की बाबा माझ्याबरोबर यायला लागले. मैदानाच्या कट्ट्यावर तासभर बसायचं आणि परतायचं. पण तोवर जुन्या बस एकेक करून भंगारात गेल्या आणि आमच्या मार्गावर एका खाजगी कंपनीच्या छोट्या एसी बस आल्या. रंग तोच लाल. बस कंपनीची, ड्रायव्हरही कंपनीचा. कंडक्टर गाडीत नाहीच. तो स्टॉपवर उभा राहून तिकिटं देणार आणि गाडी त्याला तिथेच सोडून जाणार. बाबांच्या मते हे म्हणजे भटजींनी मांडवाबाहेर उभं राहून लग्न लावण्यासारखं होतं. पंधरा दिवस ते पायी गेले, पण त्या बसकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग गुडघा दुखायला लागला, तत्त्व मागे पडलं, आणि एके दिवशी ते चढून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर परीक्षकाच्या चेहऱ्यानं बसले.

ड्रायव्हर सोलापूरकडचा, चाळिशीचा. पूर्वी गावाकडे माणसं कोंबून नेणारी वडाप जीप चालवायचा. परळच्या स्टॉपवर एक कोळीण रिकामी पाटी घेऊन चढत होती आणि यानं दार मिटायला घेतलं. बाबांनी खिशातून घराची किल्ली काढली आणि दांड्यावर एकदा ठोकली. टक्. ड्रायव्हर थांबला. बाई चढली. बाबांनी दोनदा ठोकलं. टक् टक्. बस निघाली. पुढे कळलं, जीपच्या मागे लोंबकळणारा क्लीनरही पत्र्यावर कंडक्टरच्या घंटीसारखंच ठोकायचा: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. महाराष्ट्रात दुसऱ्या कशावर एकमत नसेल, यावर आहे.

झालं, बाबांना ड्युटी लागली. शर्टाला इस्त्री, हातात किल्ली, रोज नऊची बस. आईला तिचा ओटा परत मिळाला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते स्टॉपची नावं पुकारायचे, उभ्या माणसांना मागे पिटाळायचे, आणि माझ्याच ऑफिसातल्या बाईंना ‘पास दाखवा’ म्हटल्यावर तर मी आठवडाभर अनोळखी असल्यासारखी लांब बसले. ड्रायव्हर खूश होता. त्याला आता दाराचा आरसा बघावा लागत नव्हता, कान पुरत होता. यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरकडे जायला त्यांना ड्युटीतून सवड होत नव्हती. एका सकाळी हिंदमाताला एक बाई मागच्या दारातून उतरत होती. बाबांना दार मोकळं दिसलं. टक् टक्. बस हलली आणि बाई रस्त्यावर पडली. मनगट मुरगळलं, तळवे सोलवटले. तिनं ड्रायव्हरला जे काही सुनावलं ते रास्तच होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बसवर वेगळा ड्रायव्हर होता. स्टॉपवरच्या कंडक्टरनं सांगितलं की आधीच्याला कंपनीनं घरी बसवलंय, बहुतेक काढतीलच. गावाला त्याच्या दोन मुली शिकत होत्या. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. आपल्या बसमधून कधी कुणी पडलं नाही, हे ते आम्हाला इतक्या वेळा ऐकवायचे की आम्ही तोंडं फिरवायचो. आता ते वाक्य घरात कुणी काढत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मला घेऊन ते डेपोत गेले. ज्या गेटातून इतकी वर्षं आत गेले, तिथे त्यांना विचारलं, कोण पाहिजे? कंपनीचा सुपरवायझर माझ्याच वयाचा होता. बाबा त्याच्यासमोर ताठ उभे राहिले.

“घंटी मी दिली. त्याची चूक नाही.”

“काका,” तो म्हणाला, “आमच्या बसला घंटीच नाही.”

मला हसू येणार होतं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. त्यानं ड्रायव्हरचा जबाब पुढे सरकवला. ‘मी आरशात पाहिलं नाही, चूक माझी आहे’, एवढंच. बाबांचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. बाबांनी कागद हात लांब करून दोनदा वाचला. मग कोरा कागद मागितला, मोतीबिंदू आणि किल्लीसकट सगळं लिहिलं आणि सहीखाली सवयीनं आपला जुना बिल्ला नंबर टाकला. सुपरवायझरनं डोकं खाजवत तो फाइलला लावला. मला बाबांचा इतका अभिमान वाटला की बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

आठवड्यानं तो ड्रायव्हर परत आला. पुन्हा कुणा प्रवाशानं लुडबूड केली तर कायमचा घरी, अशी ताकीद घेऊन. बस स्टॉपवर थांबली तेव्हा बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, तू जा. ते चढले नाहीत. दार मिटलं, पण बस जागची हलेना. ड्रायव्हर सवयीनं कान देऊन बसला होता. मी खिडकीतून पाहिलं, तर बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. अखेर बस निघाली.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई ओट्याशी होती आणि बाबा कोपऱ्यात बसलेले. मी किल्ली परत दिली. ती खुंटीला अडकवत ते म्हणाले, “आज तेना आरशात बगल्यान. दोनदा.”