ओलीचा पत्ता

इसमाचे वर्णन : वय सत्तावन्न. उंची मध्यम, बांधा मध्यम, मते ठाम. धंदा नळदुरुस्ती; विशेष नैपुण्य : बंद भिंतीतील गळती केवळ कानाने हुडकणे. चर्चच्या मंडळीच्या नोंदवहीत सभासद म्हणून नाव आहे. उपस्थिती समाधानकारक; प्रवचनाच्या वेळी डोळे मिटलेले आढळल्याबद्दल दोनदा तोंडी ताकीद. त्यावर इसमाचा खुलासा : डोळे झोपतात, कान जागे असतात. स्वभाव शांत. मेहुण्याशी तीन महिने बोलणे बंद.

लोक त्याला कानसेन म्हणत. त्याच्याकडे एक हातभर लोखंडी गज होता. गजाचं एक टोक भिंतीला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावून तो उभा राहायचा, आणि घरातल्या माणसांना श्वाससुद्धा हळू घ्यायला लावायचा. "ओल दिसते तिथं राहत नाही," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. "तिचा पत्ता वेगळा असतो."

चर्चमध्ये वेदीमागच्या भिंतीवर ओल आली तेव्हा मात्र त्याने गज आणलाच नाही. लांबूनच बघितलं आणि निदान केलं : "गच्ची गळतेय." गच्चीचं काम दोन वर्षांपूर्वी मेहुण्याने केलं होतं. मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, हा गवंडी. तो म्हणाला, "गच्ची ठणठणीत आहे. नळ बघा." नळ अकरा वर्षांपूर्वी कानसेनाने टाकले होते. तेवढ्यावर मंडळी दोन तटांत वाटली गेली. मेहुण्याला दादा म्हणणारा कानसेन त्याला 'मिस्त्री' म्हणू लागला, आणि मग काहीच म्हणेनासा झाला. निरोपांची ने-आण बायको करी.

"पोस्टमनला पगार असतो, रजा असते," ती म्हणायची. "मला काय आहे? दोन्हीकडून बोलणी."

कमिटीने शेवटी ठराव केला : मिस्त्रीने बुधवारी गच्ची फोडून पुन्हा करून द्यावी. कानसेनाने त्या दिवशी दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

त्या बुधवारच्या आदल्या रविवारी पाळकबाईंनी प्रवचनात एक प्रश्न टाकला होता. आपल्यात भांडणं होतात, ती येतात कुठून? जागे राहा, सावध राहा, आणि आठवडाभर शोधा. उत्तर पुढच्या रविवारी. झालं, घड्याळ बघून त्यांनी गीत सांगितलं.

दुसऱ्या कुणी हा प्रश्न दारातच सोडून दिला असता. कानसेनाला तो धंद्यातला वाटला. येतं कुठून, हेच तर तो लोकांना सांगत आला होता. सोमवारी एका दवाखान्याचा नळ बसवताना त्याने विचार केला : हे भांडण गच्चीवरून आलं. पटलं नाही. गच्च्या काय जगात थोड्या गळतात! मंगळवारी दुपारी, जेवता जेवता, त्याला भलतंच कुतूहल वाटलं. उभ्या गावातल्या भिंतींना आपण कान लावला. ही एकच का सोडली?

हात तसाच ठेवून तो बसून राहिला.

"मीठ कमी आहे का?" बायकोने विचारलं.

"नाही. मीठ बरोबर आहे."

बुधवारी सकाळी सातला त्याने पाळकबाईंकडून किल्ली आणली. भिंतीला गज लावला. वर ओल होती तिथं काहीच नाही. कमरेच्या उंचीला बारीक सूं सूं. गुडघ्यापाशी तीच, पण स्पष्ट. त्याने गिलावा उकरला. आत लोखंडी नळी तांब्याच्या नळीला थेट जोडलेली होती. मध्ये पितळेचा तुकडा घालायचा असतो. न घातला तर लोखंड आतून खाल्लं जातं, वर्षानुवर्षं, गुपचूप. हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. कानसेनाला अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. पितळी जोड संपले होते, दुकान दूर होतं, आणि संध्याकाळी कमिटीची निवडणूक होती. कारभाऱ्याच्या जागेसाठी तो उभा होता. मेहुणाही उभा होता, आणि मेहुणा निवडून आला.

"अच्छा," तो नळीला म्हणाला. "तिथून होय."

तेवढ्यात वर छिन्नी वाजली. मेहुणा कामाला लागला होता.

पिशवीत पितळी जोड होता. काम वीस मिनिटांचं. मग गिलावा, वर चुन्याचा हात. महिन्यात भिंत सुकली असती, गच्चीही नवी झाली असती, आणि सगळे म्हणाले असते, कानसेन बोलला तेच खरं. आयुष्यभर खरा ठरला असता. ते किती हवंहवंसं वाटतं, हे तो जरा नवलानेच बघत राहिला. खुर्ची मिळाली नाही म्हणून हे हवं होतं. आणि हे मिळालं असतं तर आणखी काहीतरी. वर छिन्नी चालूच होती. त्याने डोळे मिटले, मनात एवढंच म्हटलं, "प्रभू, मी जागा आहे, पण फार वेळ राहीन असं वाटत नाही," आणि अंगणात येऊन वर ओरडला, "दादा! थांब!"

मेहुण्याने कठड्यावरून मान काढली. "काय झालं भाऊजी? कमिटीने आता भिंतही फोडायला सांगितली का?"

"नळ गळतोय. जोड माझा आहे."

"काय? ऐकू नाही आलं."

स्वच्छ ऐकू गेलं होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी सांगणं जड गेलं. "नळ गळतोय. जोड माझा. तांब्याला लोखंड लावलं होतं मी."

"मध्ये पितळ नाही?"

"नाही."

"अरे, हे तर मलाही कळतं," मेहुणा म्हणाला. त्याने छिन्नी खाली ठेवली. फोडलेल्या जागेकडे बघितलं. मग म्हणाला, "एक कोपरा फोडून झालाय माझा. तो कोण भरणार?"

"मी घमेली आणतो."

अकरा वाजता बायको डबा घेऊन आली. दोघं गच्चीवर पालथ्या बादल्यांवर बसले होते. मेहुणा सांगत होता, की खुर्चीत बसून त्याने आजवर फक्त सह्या केल्या. कानसेन विचारत होता, कशाकशावर. ती जिना उतरून गेली तरी त्यांना कळलं नाही.

रविवारी पाळकबाईंनी उत्तर तीन मुद्द्यांत दिलं. भिंत महिन्याभरात सुकली. गच्चीचा तो कोपरा मात्र गळतो. बोलण्याच्या नादात कालवलेला माल घट्ट झाला होता, आणि त्यांनी तोच भरला.