फोनवरचं आवतण

अख्ख्या परभणी जिल्ह्यात फोनवरून कुंकू लावणारा माणूस एकच, आणि तो माझा साडू. दुसरा दाखवा, मिशी उतरवतो. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा, राहायला पाथरीला. हातात मोठा फोन आला तसा हा माणूस हवेत तरंगायला लागला. बैल घ्यायचा तर व्हिडिओ लावतो, समोरच्याला बैलाचं तोंड उघडायला लावतो, दात मोजतो आणि म्हणतो, आता चालवून दाखवा. वडीलधाऱ्या माणसाचा फोन असला की आधी टोपी घालतो, मग फोन जमिनीवर ठेवून पाया पडतो. समोरच्याला बराच वेळ नुसते छपराचे पत्रे दिसतात, मग टोपीचा शेंडा येतो.

आमच्याकडं लग्नाचं आवतण म्हणजे दारात जाऊन कपाळाला कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या. एक घर राहिलं की जन्माचा रुसवा. पोराच्या लग्नात ह्या बहाद्दरानं हे सगळं आपल्या ओट्यावर बसून उरकलं. पहिल्याच सोयऱ्याला म्हणाला, कपाळ पुढं घ्या, आणि बोट टेकवलं ते फोनच्या काचेवर. दिवसभर त्याला जो तो लालेलाल दिसला. मग कायदा बदलला. ह्यानं इकडून बोट दाखवायचं, त्यांनी तिकडं घरचं कुंकू लावून कपाळ दाखवायचं. मला वाटलं, लोक जोड्यानं हाणतील. उलट पेडगावचा एक सोयरा लग्नात जेवलाच नाही. तकरार काय, तर बाकीच्यांना व्हिडिओ लावला आणि मला नुसता आवाज पाठवला.

गेल्या साली माझी बायको गेली. घरातला फोन तिचा, बोलणारीही तीच. मी तो बंद करून पेटीत टाकला. लग्नकार्याला जाणंही सोडलं. जोडीनं बसायच्या जागी एकट्यानं जाऊन काय करायचं?

औंदा साडूच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं. मला उडत उडत कळलं. जायचं नाही असं ठरवून मी मोकळा झालो. लग्न बारा दिवसांवर आलं आणि भर दुपारी हा चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून माझ्या दारात हजर. मला वाटलं, थोरला साडू म्हणून मान द्यायला आला. पण पाणी प्याला आणि लग्नाचं नावच काढेना. अक्काचा फोन कुठं हाय, म्हणाला. माझ्या बायकोला तो अक्का म्हणायचा.

"पेटीत हाय. राहू दे तिथंच," मी खेकसलो.

त्यानं काढला, चार्जिंगला लावला, आपल्या फोनवरून रिचार्ज मारला आणि अंगणात बाजेवर जाऊन बसला. थोड्या वेळानं घरात फोन वाजायला लागला. मी दारात येऊन म्हणालो, "पाच पावलांवर बसून फोन कामून लावायलास? बोल की तोंडानं."

"तुमाला न्हाई लावला, दादा. अक्काला लावलाय. तुमी फकस्त उचला."

मग खरं काय ते बाहेर आलं. पोरीच्या मावशीला पहिलं आवतण, तो नंबर उचलला जाईपर्यंत दुसरा लावायचा नाही, असं हा ठरवून बसला होता. बारा दिवस राहिले आणि एकाही सोयऱ्याला सांगणं नाही. ह्यापायी त्याच्या बायकोनं दोन दिवस अबोला धरलेला. मांडव रिकामा राहिला तर राहू दे, म्हणाला.

उचलला. काचेत टोपी घातलेला साडू, बोटाला पुडीतलं कुंकू.

"कपाळ पुढं घ्या, दादा."

"कुंकू कुठून आणू?"

"अक्काच्या करंड्यात असंल."

ती गेल्यापासून तो करंडा मी उघडला नव्हता. उघडला. कुंकवात तिच्या बोटाचा खळगा तसाच होता. तो मोडू नये म्हणून मी कडेचं घेतलं, लावलं, कपाळ दाखवलं. येतो, म्हणालो.

मग फोन कोणी ठेवायचा यावर अडलं. थोरल्यानं आधी ठेवायचा असतो, तो म्हणाला. तो अंगणात, मी घरात.

मी ठेवला नाही.