विहिरीपलीकडचं बोलणं

माझी फजिती मीच सांगतो, म्हणजे दुसरं कोणी तिला तिखटमीठ लावायला नको.

मी नागपुरात मनीषनगरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. शाळा नववीतच सुटली, आणि अनोळखी माणसापुढे माझा आवाज फुटत नाही. कोरोनाच्या काळात नरखेडकडे मुलगी पाहायला जायचं ठरलं. त्याआधी मला सर्दी होऊन गेली होती, म्हणून आईने तपासणी करायला लावली. नाकात काही निघालं नाही. रक्तात मात्र, लॅबवाला म्हणाला, अँटिबॉडी आहेत.

आता मी पडलो मोटारवाला. वरच्या टाकीत पाणी नाही आणि खालची भिंत ओली, तर अर्थ काय? गळती! म्हणजे रोग नाकातून उतरून रक्तात मुरला. हे आईला कसं सांगू? तिने फार खटपटीने हे स्थळ जमवलं होतं.

तिथे मी मास्क लावून दाराशीच बसलो. पोहेसुद्धा नको म्हणालो. अर्धं लग्न तिथेच मोडलं असावं.

मुलीचे वडील म्हणाले, "जा ना गा, बागेत बोलून घ्या दोघं."

मुलगी, म्हणजे लता, बागेतल्या विहिरीच्या अलीकडे बसली. मी वळसा घालून पलीकडे. मधे धडधडणारा पंप.

"इतक्या दूर काहून बसून राहिले?" तिने ओरडून विचारलं.

मी सगळा जोर लावला. "मले रोग हाये!"

नेमकी तेव्हाच लाइट गेली. पंप बंद. संत्र्याच्या झाडांखाली काम करणाऱ्या साऱ्या बाया वळून पाहू लागल्या.

"कोणता?"

मग नाक, रक्त, गळती, सगळं सांगितलं. घाबरल्यामुळे ओरडूनच.

ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. नागपुरात ती लॅबचंच शिकत होती. आईने वाटेत सांगितलं होतं, पण माझं लक्ष कुठे होतं!

"आवो, विषाणू नाकात थोडे दिवस राहून गेला. त्याले हाकलाले अंगानं जे तयार केलं, ते रक्तात उरलं. चोर पळाला, राखणदार बसून हायेत. तुमी राखणदारालेच भेऊन राहिले."

"मंग आता?"

"आता इकडं या. बायाइले सारं ऐकू येऊन राहिलं."

घरात तिचे वडील माझ्या आईला हळूच विचारत होते, "पोरगं चांगलं हाये, पण कानानं अधू हाये का?"

लग्न झालं. अजूनही मी काही मागताना पुटपुटलो, की लता म्हणते, "विहिरीपलीकडं जाऊन सांगा." आमच्या भाड्याच्या घराला विहीर नाही, म्हणून मी गॅलरीत जातो. आज मला कोणती भाजी खावीशी वाटते, ते अख्ख्या गल्लीला कळतं.