कपाळ आणि अंगठा

रविवारी चर्चच्या दारात शामुवेलकाकांनी एका बाईचं डोकं धरलं आणि अंगठ्याने तिचं कुंकू खरवडायला सुरुवात केली. काका आमच्या मंडळीचे पंच. "हे पुसल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही," ते म्हणाले. बाई ख्रिस्ती नव्हती, पहिल्यांदाच आली होती. तिचं डोकं मागे चौकटीवर आपटलं.

"काका, नवरा दवाखान्यात आहे हो," ती म्हणाली. "जिवंत आहे अजून."

काका घासतच राहिले, कातडी सोलवटेपर्यंत. आम्ही चपला काढत उभे होतो.

कुंकू गेलं, पण कपाळ आधीपेक्षा जास्त लाल झालं. ती तशीच शेवटच्या बाकामागे जमिनीवर बसली आणि पदर पसरून म्हणाली, "येशूबाबा, त्यांना वाचव." तिला आमची प्रार्थना येत नव्हती. आम्हाला पाठ होती. आम्ही ती डोळे मिटून एका सुरात म्हटली.

ख्रिस्ताला खिळे ठोकणाऱ्या शिपायांचा मला लहानपणापासून राग. आता वाटतं, ते निदान पगारी होते. आम्ही हेच काम भक्तीने करतो, आणि करून झाल्यावर हातही धूत नाही.

मग प्रभुभोजनाचं ताट घेऊन काका बाकांमधून फिरू लागले. ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून वाटायचे पावाचे पांढरेशुभ्र तुकडे. ताट माझ्यासमोर आलं, तेव्हा कडेच्या तुकड्यावर त्यांच्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला होता. कुंकवाचा की रक्ताचा, कळत नव्हतं.

"घे," काका मायेने म्हणाले. "हे त्याचं शरीर आहे."