नाचाच्या हॉलची लाकडी जमीन

मुलगी मेलबर्नला नर्सिंग शिकत होती, तेव्हा मी काही महिने तिच्याकडे राहिले. शहराच्या कडेला वेरिबीत तिचं घर होतं, त्यात सगळे विद्यार्थीच. मुलगी कॉलेज सांभाळून वृद्धाश्रमात शिफ्टला जायची. तिथे एक म्हातारे अंकल होते, ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या काळ्या लोकांपैकी. त्यांच्या तरुणपणी गावच्या हॉलमध्ये या लोकांना नाचायला येऊ देत नसत. म्हणून त्यांनी गावाबाहेर स्वतःचा पत्र्याचा हॉल बांधला. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या लोकांनाही गावच्या तमाशात बसायला जागा नव्हती. मग आमच्या वस्तीत आमचीच गायनपार्टी रंगायची, आणि गावातली माणसं लांब उभी राहून ऐकायची.

अंकलना वाढदिवसाला त्या हॉलमध्ये बहिणीबरोबर एकदा नाचायचं होतं. त्यांचे पाय आता उचलत नव्हते, नुसते सरकत होते. जमीन गुळगुळीत असली तरच जमणार, नाहीतर खुर्चीत बसून बघायचं. हॉल बरीच वर्षं बंद होता. तो साफ करायला मुलीने घरातली पोरं गोळा केली, मी जेवणाचे डबे घेऊन मागून गेले.

अंकलची बहीण, आंटी, आधीच आली होती. झाडून झाल्यावर तिने लाकडी जमिनीवरून बूट सरकवून पाहिला. तो अडकला. तिचं तोंड उतरलं. मग तिने जुनी रीत सांगितली, मुलगी मला मराठीत सांगत गेली. मेणबत्त्या किसून जमिनीवर टाकायच्या, वर पोतं अंथरायचं, त्यावर लहान मुलं बसवून मोठ्यांनी ओढत फिरवायचं, म्हणजे वजनाने मेण लाकडात मुरतं. नाच असला की लहानपणी आंटीची दुपार पोत्यावरच जायची.

मेणबत्त्या मी किसल्या. पण लहान मूल कुणाकडेच नव्हतं. एक हाडकुळा विद्यार्थी बसला, तर आंटी म्हणाली, याच्यापेक्षा माझी उशी जड आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी चारचौघांत जेवायलाही लाजते. "मी नाही बाई," म्हणत दाराकडे सरकले. आंटी गुडघे धरत स्वतःच पोत्यावर बसली आणि शेजारची जागा थोपटली. काय करणार, पदर खोचून बसले.

"काकू, सीटबेल्ट लावा," म्हणत पोरांनी ओढलं. पहिल्याच वळणावर मी आंटीचा दंड धरला तो सोडलाच नाही. आंटी पोरांना आणखी जोरात ओढायला सांगत होती, आणि मी इतकी हसत होते की पोट दुखायला लागलं. जमीन आरशासारखी झाली.

संध्याकाळी अंकल आले. एका म्हाताऱ्याने गळ्यात पेटी अडकवून सूर धरला. आंटीने भावाचे हात हातात घेतले. त्यांचा एक पाय सरकला, मग दुसरा. मुलगी खुर्ची घेऊन मागे मागे चालत होती. दोघांनी हळूहळू सगळ्या हॉलला फेरी घातली. गाणं संपलं तशी मुलीने खुर्ची पुढे केली. अंकलनी ती बाजूला सारली आणि पेटीवाल्याला काहीतरी सांगितलं.

"आई, अजून एक नाच, म्हणतात," मुलगी म्हणाली.