होडीपर्यंतचा सिनेमा

दोन हजार वीसच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, तीन वाजता इस्पितळातून फोन आला. माझा नवरा गेला होता. मुलगी सिनेमा बघत होती. मी तो बंद केला नाही.

सिनेमा सिंहली होता, मुलांसाठीचा. इथे आयर्लंडमध्ये, ट्रली गावात, आमच्या शेजारी श्रीलंकेची एक नर्स राहते. लॉकडाउनमध्ये तिनं पेन ड्राइव्ह दारात ठेवला होता. एक कोळी आणि त्याची लहान मुलगी, दोघांचं एकमेकांवाचून पान न हलणारं. सबटायटल्स नव्हती, म्हणून नवरा सगळ्यांचे संवाद मराठीत बोलायचा, मनाला येतील ते. कोळी घरी आला की, "आधी हातपाय धुऊ दे, मग लाड." मध्येच नवऱ्याला खोकला यायचा. शेवटाकडे कोळी होडीत बसला की तो रिमोट दाबायचा. "उरलेलं उद्या." उरलेलं आम्ही कधी पाहिलं नाही.

तो गेल्यावर मुलगी शाळेतून आली की रोज तो सिनेमा लावू लागली. सात वर्षांची, मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. पण पडद्यासमोर बसली की बापाचे संवाद, मराठीत, त्याच्याच चालीत. तो खोकायचा तिथे ती थांबायची. मी भांडी न वाजवता स्वयंपाकघरात उभी राहायची. मला तो तेवढाच उरला होता, होडीपर्यंत. ती कधीतरी पुढे बघेल आणि तिथे त्याचा आवाज नसेल, याची मला भीती होती.

पुढच्या उन्हाळ्यात निर्बंध सैल झाले तशी शेजारीण चहाला आली. त्या दिवशी होडी आली आणि मुलीनं रिमोट उचललाच नाही. कोळी किनाऱ्याकडे वळून काहीतरी बोलला. मुलगी म्हणाली, "उभी राहू नकोस गं. थंडी आहे."

"काय म्हणाली?" शेजारणीनं विचारलं. मी सांगितलं. तिनं कप खाली ठेवला.

"उभी राहू नकोस, हे तो म्हणतोच. पण थंडीचं नाही. आमच्या समुद्रावर कुठली थंडी?"

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मी दारात उभी होते. आत चढताना नवरा मला हेच म्हणाला होता. मुलगी तेव्हा शाळेत होती.

मी तिला विचारलं, "हे बाबानं तुला कधी सांगितलं?"

"आत्ताच," ती इंग्रजीत म्हणाली. नजर पडद्यावरच. "बोलू नकोस ना, आई."

जाताना शेजारणीनं दारात सांगितलं, की कोळी परत येत नाही. माझ्या नवऱ्याला तिनं ते आधीच सांगितलं होतं.

पेन ड्राइव्ह स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे, चहाच्या डब्यामागे. कपाटाला मुलगी प्रेस म्हणते, इथल्या आयरिश लोकांसारखं. सिनेमा आता शेवटपर्यंत चालतो. खोकल्याची जागा ती अजून मोकळी सोडते.